उजवीकडचा खिसा

नोरीनने सुईत राखाडी लोकरीचा धागा ओवला आणि कोटाच्या उजव्या छातीवरची खिशाची फट रफू करायला घेतली. डावीकडे नवा खिसा तिने आल्याआल्याच लावला होता. वेल्ता ट्राममधून उतरून यायच्या आत हे उरकायला हवं होतं.

पुरुषाच्या कोटाला छातीचा खिसा डावीकडेच असतो, हे मेलबर्नमधलं शेंबडं पोरही सांगेल. वेल्ताने मात्र नाटकासाठी काढलेल्या कोटाच्या चित्रात तो उजवीकडे दाखवला होता, आणि नोरीनने मुकाट तसाच बेतला होता. काल तो दिग्दर्शक बॅरीच्या नजरेला पडला.

"म्हातारीची नजर गेली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "उद्या पँटला बाह्या लावेल. पुढच्या नाटकाला दुसरं कुणीतरी बघायला हवं."

वेल्ता लाटव्हियातून निर्वासितांच्या जहाजाने आली तेव्हा तिला इंग्रजीची चार वाक्यं येत होती. दोन वर्षं तिने इस्पितळातल्या चादरी धुतल्या, मग याच नाट्यगृहात इस्त्री करता करता वेशभूषाकार झाली. तिने सजवलेली राणी नुसती येऊन उभी राहिली, तरी प्रेक्षक सावरून बसत. नोरीन अठरा वर्षं तिच्या हाताखाली होती. अशी बाई तिने दुसरी पाहिली नव्हती. तिला एका खिशापायी घरी बसवणार? नोरीनला ते सहनच होईना.

वेल्ता पोचली तोवर डेस्मंड कोट चढवून रंगमंचावर उभा होता. नाटकात तो गरीब शाळामास्तर होता. वेल्ताने जवळ जाऊन चष्मा कपाळावर सरकवला.

"खिसा कुणी हलवला?"

"मी," नोरीन म्हणाली. "चुकून उजवीकडे काढलात असं वाटलं, म्हणून..."

"चुकून? नव्या कोटाची ऐपत नसली की माणसं काय करतात? जुना उसवायचा, विरलेली बाजू आत घालायची, पुन्हा शिवायचा. मग डावीकडचा खिसा कुठे जातो?"

नोरीनने मनातल्या मनात कोट उलटवला आणि तिचे कान तापले. उलटवलेल्या कॉलरी तिने ढिगाने पाहिल्या होत्या. अख्खा कोट कधीच नाही.

"माझे बाबा मास्तर होते," वेल्ता म्हणाली. "तो खिसा पोरांना दिसू नये म्हणून हजेरीची वही छातीशी धरून उभे राहायचे. सात वर्षं."

बॅरी खुर्चीतून उठला.

"अहो, मग कालच सांगायचं ना!"

"विचारलंत कुठे? तुम्ही तर निकालच देऊन मोकळे झालात."

"गाढव आहे मी. पुढचं नाटक तुमचंच, आणि हा खिसाही परत उजवीकडे घ्या. डेस्मंड, धर ती वही!"

डेस्मंडने मेजावरची वही छातीशी धरली आणि त्याचे खांदे आपसूक झुकले. नोरीनने कात्री उचलली, तोच वेल्ताने तिचं मनगट पकडलं. दुसऱ्या हाताने तिने वही जराशी बाजूला सारली आणि रफूवरून अंगठा फिरवला. कुठे सुरू झाला, कुठे संपला, कळत नव्हतं.

"राहू दे हा."

"पण चित्रात तर..."

"चित्र बरोबरच आहे गं. पण माझ्या आईला असा रफू येत असता, तर बाबांचा हात मोकळा राहिला असता."

मग ती डेस्मंडकडे वळली.

"वही ठेवा खाली, मास्तर."