तेहतीस नानकटाया

त्या वर्षी श्रावण अधिक आला. जावयाला तेहतिसांचं वाण द्यायचं होतं. सुलूच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, त्यामुळे चिंचणीच्या रत्नाबाईंनी महिनाभर एकभुक्त राहून देवाजवळ रोज दिवा लावला होता. आता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी जावई बळवंतराव बोईसरहून यायचे होते, आणि तेहतिसांतलं एक जरी कमी पडलं तरी व्रत अपुरं राहणार होतं.

"आई, अनारसे नकोत गं," माहेरी आलेल्या सुलूनं आधीच सांगितलं होतं. "त्यांना भिजवलेल्या तांदळाचा वास सोसत नाही. नानकटाई कर." आणि तिनं शेजारणीनं लिहून दिलेला कागद पुढे केला : मैदा पाचशे ग्रॅम, पिठीसाखर अडीचशे, तूप अडीचशे.

शेर जाऊन किलो आले त्याला चार वर्षं झाली होती, पण ते बाजारात. रत्नाबाईंच्या घरात काटा नव्हताच. वाडीतले चिकू शेकड्यानं विकले जात आणि धान्य चिपट्यानं मोजलं जाई. त्यांनी पितळेचं चिपटं पदराखाली घेतलं आणि नागोराव वाण्याचं दुकान गाठलं.

"भाऊ, हे तांदळानं भरा नि जोखा."

नागोरावांनी भरलं आणि वरून हात फिरवायला गेले.

"पुसू नका!" रत्नाबाई कळवळल्या. "पुसलेल्या मापानं घरात बरकत राहत नाही. शीग राहू द्या."

शिगेसकट बरोबर अडीचशे ग्रॅम भरलं. रत्नाबाईंनी मनोमन हात जोडले. देवानंच हिशेब जुळवला होता!

घरी येऊन त्यांनी दोन चिपटी मैदा घेतला, एक चिपटं साखर घेतली, दोन्हींना चांगली शीग. मग तुपाची पाळी आली. पावसाळ्यातलं पातळ तूप काठाशी येऊन थांबलं.

"सुले, तुपाला शीग कशी लावू गं?"

"नको लावूस."

"असं कसं? साखरेला शीग नि तुपाला नाही? देवाच्या कामात दुजाभाव?" असं म्हणून शिगेपोटी त्यांनी आणखी दोन पळ्या ओतल्या.

पीठ परातीतून हातावर येईना. कसेबसे तेहतीस गोळे झाले. मायलेकी ते बेकरीवाल्या मारुतीच्या भट्टीवर घेऊन गेल्या.

मारुतीनं बोट लावून पाहिलं. "बाय, ही नानकटाय नाय, ही पेज हाय. मैदा कशानं मोजला?"

"चिपट्यानं. तांदूळ जोखूनच घेतला की."

"तांदूळ जड, मैदा हलका! चिपटं तेच, पन वजन येक कसं व्हईल?"

"मग आता?"

"आता काय, माझा मैदा कालच संपला. टाकतो भट्टीत. देव बघल."

पत्रा बाहेर आला तेव्हा गोळ्यांचा पत्ता नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खरपूस बदामी रंगाची एकच एक नानकटाई! सुलूनं पदर तोंडाशी धरला, पण तिचे खांदे हलायचे थांबेनात.

"हसतेस काय? तेहतीस घातल्या नि देवानं एक दिली!" रत्नाबाईंचे डोळे भरून आले.

"गरम हाय तवर वड्या पाड, बाय," मारुतीनं सुरी दिली. "तीन वळी, अकरा रकानं."

रत्नाबाईंनी नाम घेत घेत वड्या पाडल्या. सुलूनं दोनदा मोजल्या. तेहतीस!

संध्याकाळी केळीच्या पानावर तो सगळा थर तसाच उचलून ठेवला, शेजारी दिवा. ओवाळून झाल्यावर रत्नाबाई हळूच म्हणाल्या, "एक तरी तोंडात टाका, जावईबापू."

बळवंतरावांनी कोपऱ्यातली वडी धरून उचलली. तिच्याबरोबर शेजारची उठली, तिच्याबरोबर ओळ उठली, आणि बघता बघता अख्खं पान रिकामं झालं. तूप गार होऊन सुरीचे काप पुन्हा मिटले होते. जावई दोन्ही हातांत ताटाएवढी नानकटाई धरून सासूबाईंकडे बघत राहिले.

रत्नाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

"परत खाली ठेवू नका हो," त्या म्हणाल्या, "एका दमात तेहतीस घेतल्यात तुम्ही. वाण पोचलं!"