आबाची माशी

सिंगा आबांनी माशी चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला, की समोर बसलेल्या रोहिदासला वाटलं, म्हाताऱ्याला झटकाच आला.

"हाई कोनी बांधी?" आबांनी विचारलं.

"मी बांधली आबा. मीच बांधतो ना सगळ्या."

"आनि हाऊ दोरा काया शे?"

"हो, काळाच. तुमचाच दोरा. तुम्हीच दिला होता."

आबांनी अंगावर चढलेला विंचू झटकावा तशी ती माशी भुईवर टाकली. "अरे देवा," म्हणाले, आणि पाय वर घेऊन खाटेवर भिंतीला टेकून बसले.

आता ही माशी म्हणजे काय, ते सांगून टाकू. गळाला कोंबड्याच्या मानेची पिसं बांधायची, कंठाशी दोऱ्याचे फेरे घालायचे, वरून मेण लावायचं. झाली खोटी माशी. डोहात पाण्यावर नाचवली, की तळातली मरळ उसळी मारते आणि गिळते. साक्रीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या या गावात ती बांधणारं घर एकच, सिंगा आबांचं. धुळ्याहून हौशी लोक मोठाल्या काठ्या घेऊन यायचे आणि 'आबाची माशी' म्हणून मागून न्यायचे. गावात पोर जन्मलं की पाळण्याच्या दोरीलाही हीच माशी बांधायची पद्धत. पोराला पाण्याचं भय राहत नाही म्हणतात.

रोहिदास या घरचा जावई. तोही घरजावई! मूळचा सावद्याकडचा, केळीचे घड वाहणारा. आपल्याकडे घरजावयाला लोक काय काय ऐकवतात, ते काय सांगायला हवं? "काय केळीवाले, पिसं सोलता येतात का?" असं कुणीतरी पारावरून ओरडायचं आणि अख्खा पार हसायचा. रोहिदासनं ते सगळं गिळलं. आबांनी उतारवयात विद्या द्यायला घेतली, तेव्हा तो मान खाली घालून शिकला. आबांच्या चाचपण्यात एक फेरा जास्त सापडला की बोटांवर काठी बसायची. त्यानं कधी हू का चू केलं नाही. शेवटी हात इतका बसला, की चाचपून आपली कुठली आणि जावयाची कुठली हे खुद्द आबांनाही ओळखू येईना. तेव्हा कुठे पार गप्प झाला.

आबांच्या डब्यात दोऱ्याची दोन रिळं होती. शिकवताना आबांनी एक चाचपून हातात दिलं होतं. "हाऊ घे. दुसराले हात लावानं नही. तो आपलाले न लागो." रोहिदासनं कारण विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाची? दिलं ते रीळ काळं होतं. दुसरं, निळं, त्यानं जन्मात शिवलं नाही.

शिवलं ते ममतानं, त्याच्या लेकीनं. पोरीची बोटं आबांवर गेलेली. बापाशेजारी बसून ती भराभर माश्या बांधायची, पण डोकं भारी वळवळं. एकदा डोहावर निळा चतुर भिरभिरताना तिनं पाहिला आणि घरी येऊन निळं रीळ उचललं. कंठ निळा केला, पिसं मागे न वळवता आडवी पसरली, चतुराच्या पंखांसारखी. "बाबा, बघा तर! पाण्यात लांबून चमकेल." इतकी खूश होती पोर.

रोहिदासनं रीळ ओळखलं. आबांनी मना केलेला दोरा! त्यानं माशी हिसकावली आणि चुलीत टाकली. "या घरात आबाची माशी बांधतात. तुझी नाही," असं वर म्हणाला. ममता रडली नाही. डबा बंद केला, दुसऱ्याच आठवड्यात साक्रीला केवलचंद शेठच्या कापड दुकानात कामाला लागली आणि मावशीकडे राहू लागली. त्यानंतर तिनं पिसाला हात लावला नाही. बापाशी बोलायची ते हो-नाही इतकंच.

आणि आता आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. किती वर्षं ऑपरेशनला भ्याले, शेवटी कस्तुरानं, त्यांच्या लेकीनं म्हणजे रोहिदासच्या बायकोनं, हट्टानं धुळ्याला नेलं. पट्टी निघाल्यापासून म्हातारा लहान पोरासारखा घरभर बघत फिरत होता. प्लास्टिकच्या ड्रमचासुद्धा निळा रंग बघून हरखला. मग म्हणाले, आण रे, माशी दाखव.

"आबा, बोला ना काहीतरी," रोहिदास काकुळतीला आला. "चुकलं काय माझं?"

आबांनी आवाज खाली आणला. "काया दोरानी माशी मरेल मानूसनी ऱ्हास. मना बाप मरना तवय मी बांधी व्हती. एकच. बिनगळनी. डोहमा सोडी दिन्ही. जित्या घरमा तिनं नाव बी काढतस नही."

रोहिदासला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं भुईवरची माशी उचलून पुन्हा पाहिली. मयताची माशी! कित्येक वर्षं तो मयताच्या माश्या बांधत आला होता. विकल्या. वाटल्या. गावातल्या कौतिक नानाच्या नातवाच्या पाळण्याला तर परवाच बांधून आला होता, पेढा खाऊन!

"पण तुम्हीच दिला ना तो दोरा!" तो ओरडला.

"माले निया-काया समजे का तवय?" आबा रडवेले झाले. "माले वाटनं, मी नियाच दिन्हा."

कस्तुरा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. रोहिदास तिच्याकडे वळला. "तू तर इथली लेक. लहानपणी निळी बघितली असशील ना? बोलली का नाही?"

"बघेल व्हती," कस्तुरा म्हणाली. "माले वाटनं, आबानीच नवी काढी."

घ्या! म्हणजे मरळीपासून लेकीपर्यंत सगळ्यांनी मानून घेतलं, आबा करतील ते खरं. आबांनी काही केलंच नव्हतं. रोहिदासला हसावं की डोकं आपटावं कळेना. जिच्यासाठी लेकीला तोडलं, ती आबाची माशी नव्हतीच. आबाची माशी त्यानं चुलीत घातली होती.

"ममताले बलाव," आबा म्हणाले. "मना हात आते चालतस नही. तुना हातले कायानी सवय व्हयनी. तीच बांधी."

कौतिक नानाच्या पाळण्यावरची माशी कसलीतरी थाप मारून सोडवून आणली आणि रोहिदास तसाच साक्रीच्या गाडीत बसला. वाटेत त्याची भीती जाऊन आनंदच व्हायला लागला होता. का नाही होणार? पोरीचं बरोबर निघालं होतं. आता भांडण कसलं? तिला सांगायचं आणि घरी घेऊन यायचं, संध्याकाळच्या आत.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ममता कापडाच्या ताग्यांच्या घड्या घालत होती. रोहिदासनं धापा टाकत सगळं सांगितलं: पट्टी, काळा दोरा, मयताची माशी. ते ऐकून ममताही हादरली. "अगं बाई," म्हणून तिनं तोंडावर हात धरला.

"म्हणून म्हणतो, चल," रोहिदास म्हणाला. "तू बांधली ती बरोबर होती गं. आबाची खरी माशी निळीच. मीच गाढव. आबांनी तुलाच बोलावलंय. फक्त पिसं तेवढी मागे वळवून बांध, आबांच्यासारखी. बाकी सगळं तुझंच."

ममतानं तोंडावरचा हात खाली घेतला. "आबांशी जुळली म्हणून बरोबर?"

"मग?"

"मी आबांची नव्हती बांधली, बाबा. मी चतुर बघून बांधली होती." ती शांतपणे बोलत होती, हेच त्याला जास्त लागत होतं. "आज आबा म्हणाले असते, खरी माशी पिवळी. मग आला असता का मला घ्यायला?"

रोहिदासनं तोंड उघडलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण लेकीच्या डोळ्यांत बघून त्याला ते जमेना.

"नसतो आलो," तो म्हणाला.

ममतानं मान हलवली. दोन बाया दुकानात शिरल्या, तशी तिनं त्यांच्यासाठी गादीवर जागा केली आणि मग बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबांचे डोळे बघायला मी रविवारी येते. माश्या बांधायला नाही. त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे वाट बघणार नाहीत."

ती ब्लाउजपीस काढायला मागे वळली. रोहिदास दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. परतीची गाडी समोर लागलेली होती, कंडक्टर साद घालत होता. पण आबांना जाऊन हे सांगायचं कुणी, या विचारानं त्याला पाऊलच उचलवेना.