तंबू लताबाईंच्या नावाने

आमच्या ह्यांना मासेमारीचं वेड आहे, हे नाशिक रोडच्या आमच्या अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. रविवार उजाडला की गळ, रीळ आणि मी मळून दिलेला कणकेचा गोळा घेऊन स्वारी बाहेर. कुठे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, “देवळाली कॅम्पचे मित्र आहेत, नेतील तिकडे.” संध्याकाळी परत येताना पिशवीत कटला नाहीतर मरळ असायचा. तोही साफ करून, तुकडे पाडून, हळद-मीठ लावून. कॅम्पातले मित्र फार गुणी दिसतात, असं मी कौतुकाने म्हणायचे आणि तवा तापत ठेवायचे.

हे प्रेसमधून निवृत्त झाले तेव्हा मी ठरवलं, आता दोघांनीच कुठेतरी जायचं. पाणी असेल, ह्यांना गळ टाकता येईल आणि मला दोन दिवस पोळ्या लाटाव्या लागणार नाहीत, अशा ठिकाणी. शेजारच्या लताबाई मोबाईल घेऊन मदतीला बसल्या. तंबूत पलंग टाकला आणि पलंगावर पांढरी चादर अंथरली की त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं.

जागा पाहून पाहून डोळे दुखले. एका ठिकाणी रात्रभर डीजे. दुसऱ्या ठिकाणी ‘फिशिंग’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आणि फोटो बघावा तर सिमेंटचा हौद, त्यात रंगीत मासे. तिसऱ्या ठिकाणी तंबू एकमेकांना इतके चिकटलेले की शेजारच्याचं घोरणं फुकट ऐकायला मिळावं. मग पेठ रस्त्याकडची एक जागा सापडली. धरणाच्या फुगवट्याला पाचसहा तंबू, लाकडी धक्का, मागे डोंगर. मालकाचा फोटो नाही, नुसतं पाणी आणि झाडं. मला ती जागा बघताक्षणीच आवडली.

मी ह्यांना फोटो दाखवला. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं पित्त झालं.

“तिथे नको,” हे म्हणाले.

“का?”

“साप आहेत.”

“साप काय आपल्या कॉलनीत नाहीत?”

“मोबाईलला रेंज नाही. आणि मासेसुद्धा नाहीत तिथे.”

“तुम्हाला काय माहीत?”

ह्यावर हे पाणी प्यायला उठले. माझा स्वभाव असा की कोणी नको म्हटलं की मला तेच हवं असतं. माझ्या मोबाईलवर बुकिंग होईना, म्हणून लताबाईंच्या मोबाईलवरून, त्यांच्याच नावाने तंबू घेतला. ह्यांना सांगितलं, त्रिंबकच्या बाजूला चाललोय. खरं नाव त्या शनिवारी सकाळी गाडीत बसल्यावर सांगितलं. ह्यांनी गाडी सुरू केली. रस्ताभर घसा खाकरत राहिले.

पेठ रस्ता सोडून आत वळलो तिथे मी मोबाईलवर नकाशा लावून बसले होते. पण नकाशातली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणायच्या आधीच ह्यांनी गाडी डावीकडे घेतली. पुढच्या फाट्यालाही तेच. एका ठिकाणी रस्त्यात खड्डा होता. तो दिसण्याआधीच ह्यांनी गाडी कडेला दाबली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समोर बघत होते आणि कपाळावर घाम होता, थंडीत.

गाडी थांबली तसा एक काळा कुत्रा धावत आला आणि ह्यांच्या पायात लोळायला लागला. शेडमध्ये चुलीपुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने भाकरीचे हात पुसले आणि तोंडभर हसत म्हटलं, “या या, व्याही! आज शनवारीच कसं काय?”

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

व्याही! आम्हाला एकच मुलगी, स्नेहल. आणि आमच्या घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती.

स्नेहलने मनोजशी कोर्टात लग्न केलं. तो डोंगराकडचा, पेठच्या बाजूचा, आमच्या जातीचा नव्हे. बातमी कळली त्याच दिवशी ह्यांनी मला गाडीत घातलं आणि सायखेड्याला थोरल्या दिरांकडे, धोंडीराम आबांकडे नेलं. तिथे गोदावरीच्या घाटावर सगळ्या भावकीसमोर ह्यांनी जिवंत मुलीच्या नावाने आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. मग ओल्या अंगाने वर आले, माझा हात धरून स्वतःच्या ओल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “तिला भेटलीस, फोन केलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील. घे शपथ.”

मी घेतली. हृदयाचा आजार असलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडायची छाती कोणत्या बाईला आहे? माझ्या फोनमधून तिचा नंबर ह्यांनीच काढला. मी मुलीसाठी रडले ती न्हाणीघरात, नळ सोडून. तिच्या वाढदिवसाला शिरा करायचे आणि कोणी विचारलं तर चतुर्थी आहे म्हणून सांगायचे. ह्यांच्यासमोर तिचं नाव ओठावर येऊ दिलं नाही. आपण बोललो आणि ह्यांच्या छातीत कळ आली तर, ह्या एकाच भीतीवर मी इतकी वर्षं काढली.

आणि इथे एक अनोळखी बाई ह्यांना व्याही म्हणत होती.

“ह्या कोण?” बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं. “तंबू कोणा लताबाईच्या नावाने हाय.”

“हो,” हे म्हणाले. “ह्याच लताबाई. आमच्या शेजारी राहतात.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाचं मंगळसूत्र माझ्या गळ्यात आहे, तो माझ्याच तोंडावर मला शेजारीण म्हणाला. हातातली पिशवी खाली पडली आणि आतली संत्री कुत्र्याच्या पायाशी घरंगळत गेली.

“फुलाबाई, पाहुण्यांना सरबत आणलंय,” असं म्हणत आतून कोणीतरी आलं. हातात ट्रे, ट्रेमध्ये ग्लास.

स्नेहल!

अंगाने भरली होती, रापली होती, केस आखूड कापले होते. पण चाल तीच, उजवा पाय जरा बाहेर टाकायची. तिने मला पाहिलं आणि जागीच थांबली. ग्लास ट्रेमध्ये एकमेकांवर किणकिणायला लागले. तिच्यामागून तीनचार वर्षांची एक मुलगी “आजोबा, आजोबा” करत धावत आली, तिला स्नेहलने एका हाताने मागे ओढलं आणि आपल्या मागे लपवलं. माझ्यापासून लपवलं. माझ्या नातीला.

“आई,” ती म्हणाली. “तू रागावू नकोस. मला माहीत नव्हतं तू येणार आहेस. आम्ही दोन दिवस फुलाबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बहिणीकडे जातो, तुझ्या नजरेला पडणार नाही. पण बाबांना काही बोलू नकोस. त्यांची काही चूक नाही.”

“रागावू?” मी म्हटलं. “मी का रागावू?”

“तूच ना,” ती म्हणाली आणि थांबली. मग ह्यांच्याकडे बघत एकेक शब्द म्हणाली, “बाबा म्हणायचे, आई तयार नाही. तुझं नाव काढलं की जेवण सोडते. मी दर वेळी विचारायचे, आता तरी येते का म्हणून. बाबा म्हणायचे, अजून थोडं थांब, तिचा राग उतरू दे. रानूच्या वेळी दवाखान्यातून मी बाबांच्या हाती निरोप दिला होता. तू म्हणालीस म्हणे, मला मुलगीच नाही तर नात कुठली.”

मी मटकन जवळच्या दगडावर बसले. मला कोणताच निरोप मिळाला नव्हता. माझी मुलगी बाळंत झाली, मला नात झाली, आणि मी त्या दिवशी बहुतेक कांदे निवडत असेन. माझ्या तोंडी घातलेलं ते वाक्य ह्यांनी घरी बसून तयार केलं असणार, कदाचित मी वाढलेलं जेवत.

“मासे कोण साफ करायचं?” माझ्या तोंडून हेच बाहेर पडलं.

“मीच,” स्नेहल म्हणाली. “तुला काटे आवडत नाहीत म्हणून बारीक काटेसुद्धा काढून द्यायचे. बाबा म्हणायचे, न सांगता वाढतो मी तिला.”

दर रविवारी माझ्या मुलीच्या हातचे मासे मी तळत होते, खात होते, आणि कॅम्पातल्या मित्रांचं कौतुक करत होते. मला भडभडून आलं. रडू की ओरडू, समजेना. मी ओरडले.

“अहो, बोला! तोंड शिवलंय का? मला शपथ घातलीत आणि स्वतः इथे येऊन जेवत होतात? मी मेलेलं तोंड बघेन म्हणून मी माझ्या पोरीचं जिवंत तोंड बघितलं नाही!”

धक्क्यावर पाहुण्यांना गळ टाकायला शिकवणारा मनोज आवाज ऐकून वर आला आणि स्नेहलच्या शेजारी उभा राहिला. मला त्याने वाकून नमस्कार केला. तो एकटाच त्या वेळी शहाण्यासारखा वागला.

हे कुत्र्याकडे बघत बोलले, “मी काय करणार? पोरीवाचून राहवेना. म्हणून आलो एकदा, मग येतच राहिलो. पण घाटावर सगळ्यांसमोर आंघोळ केलेली. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत आली असतीस. आबांच्या कानावर गेलं असतं. आबांनी मला दारात उभं केलं नसतं. भावकीतून उठलो असतो. आबा म्हणजे मला बापाच्या जागी आहेत, योगिनी.”

“म्हणजे पोरीला सांगितलंत आई वाईट आहे. आबांच्या भीतीपोटी.”

“तात्पुरतं,” हे म्हणाले.

तात्पुरतं! मी उठले. ह्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला. रेंज अगदी उत्तम होती. आबांचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन ह्यांच्या हातात कोंबला.

“बोला. कुठे आहात आणि कोणाजवळ आहात ते आबांना सांगा. माझ्यासमोर, पोरीसमोर, आत्ता. उठवू द्यात भावकीतून. आपण दोघंही उठू.”

“योगिनी, हात जोडतो, नको.”

तिकडे घंटी वाजत होती. स्नेहलने डोळे मिटून घेतले होते. फुलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तिकडून फोन उचलला गेला.

“हां रवी,” आबांचा खणखणीत आवाज आला. “बोल.”

“आबा,” हे म्हणाले. मी ह्यांच्या कोपराला ढोसलं. “आबा, मी… मी स्नेहलकडे आलोय.”

“मंग? आज शनवारीच गेला व्हय?” आबा म्हणाले. “बरं झालं. ह्या बारीला मनोजला म्हणावं, मोठा कटला धाड. मागचा लय झ्याक व्हता. तुझ्या वैनीने रस्सा केला, समद्या घराने खाल्ला. आन त्या रानूला कधी आणतो इकडं? वैनी लय आठवण काढती तिची.”

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

“आबा, तुम्हाला… तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आरं, मनोज भाजीची गाडी घेऊन सायखेड्याच्या बाजारात येतो तवा घरी चहाला थांबतो की. पाया पडला पोरगा, मी काय लाथ मारू? भावकीत समद्यांना ठावं हाय. तू सांगत नाय म्हणून आमी इचारत नाय. तुझा मान राखतो.” आबा आवाज खाली आणून म्हणाले, “पर योगिनीला नाय ना सांगितलं आजून? तिला नको सांगू बाबा. लय तापट बाई हाय ती. तिला कळलं तर समद्या गावात बोभाटा व्हईल.”

धक्क्यावरचा एक पाहुणा मासा लागला म्हणून ओरडला, त्याच्याकडेही कोणी पाहिलं नाही. ह्यांना आबांची भीती, आबांना ह्यांच्या मानाची काळजी, आणि भावकीतल्या सगळ्यांनी त्या कटल्याचा रस्सा खाल्लेला. शपथ पाळणारी मी एकटीच होते.

मी ह्यांच्या हातातला फोन तोंडाजवळ ओढला.

“आबा, मी योगिनी बोलतेय,” मी म्हटलं. “इथूनच. स्नेहलच्या अंगणातून.”

तिकडे आबा नुसते खाकरले. फोन मी बंद केला नाही. तसाच ह्यांच्या तळहातावर ठेवला, काय बोलायचं ते दोघा भावांनी बोलावं म्हणून. स्नेहलच्या हातून ट्रे घेऊन मी दगडावर ठेवला. तिच्या बोटांना मासळीचा वास येत होता. ती बोटं मी घट्ट धरली आणि म्हटलं, “चल, मला आत ने. तुझं घर दाखव.”