ओ दे

बोईसरजवळच्या माहीम गावी, वाडीतल्या घराच्या ओट्यावर विश्राम पुस्तक घेऊन बसले होते. बोईसरला कामावर निघालेली सून, हेमांगी, चप्पल घालता घालता थांबली.

“बाबा, स्वराकडे लक्ष ठेवा. मागच्या हौदात पाणी भरलंय.”

“तिच्या पायात वाळा बांधलाय ना मी.”

“म्हणजे पोर काय वासरू आहे? परवा दूध उतू गेलं, तेव्हाही पुस्तकच होतं हातात.”

ते ओशाळून हसले.

घुंगरांचा तो वाळा त्यांचाच, लहानपणचा. जोडीतला एकच उरला होता. तीन वर्षांच्या नातीच्या पायात तो शिरेना, म्हणून काळ्या दोऱ्यात ओवला होता. केळींना पाणी लावताना त्यांची आई, मंदा, याच घुंगरांकडे कान ठेवून असायची. आताही ओट्याखाली छुमछुम फिरत होती. त्या आवाजासरशी त्यांना आईच्या ओल्या लुगड्याचा वास आला. एक पान उलटलं, मग दुसरं.

छुमछुम जवळ आली आणि ओट्यावर मांजरीचं पिल्लू चढलं. वाळ्याचा दोरा त्याच्या गळ्यात अडकवलेला होता.

विश्रामांच्या हातून पुस्तक गळलं. हाक मारायचंही त्यांना सुचलं नाही. तसेच मागे धावले. स्वरा हौदाच्या कठड्यावर पोटावर ओणवी झाली होती, पाय जमिनीवरून सुटलेले. त्यांनी झगा धरून तिला मागे खेचलं.

“आजोबा, माझी होडी!” पाण्यात करवंटी तरंगत होती.

तिला छातीशी धरून ते तिथंच खाली बसले. आणि मग आठवलं. आई नुसती ऐकत नसे. कामातून मान वर न करता मध्येच ओरडायची, “विश्राम, कुटं हाय रं?” ‘ओ’ येईपर्यंत तिचा हात थांबलेला असे. एकदा ते गंमत म्हणून गप्प राहिले, तर चिखलाच्या पायांनी तिनं सगळी वाडी पालथी घातली. आधी धपाटा घातला, मग रडली. त्यांनी घुंगरू तेवढे जपले होते. हाक विसरले होते.

संध्याकाळी त्यांनी हेमांगीला काही न लपवता सगळं सांगितलं. ती चप्पलही न काढता ओट्यापाशीच उभी राहिली.

“उद्या तुमच्याकडे ठेवू ना तिला?” तिनं शेवटी विचारलं.

“हौद रिकामा केलाय. पुस्तक कपाटात ठेवलंय. आणि...” पुढचं सांगायला त्यांना लाज वाटली. जन्मभर हळू बोललेल्या त्या माणसानं घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक घातली, “स्वरा, कुटं हाय गं?”

“ओऽऽ!” आतून आवाज आला.

हेमांगीनं चप्पल काढली.