उत्तरेच्या भिंतीतली खिडकी

पेंढ्याच्या घराची एक रीत आहे. गठ्ठे रचून मातीचा गिलावा झाला, की आतल्या बाजूने भिंतीत वीतभर चौकोन उघडा ठेवायचा आणि त्याला काच लावायची. आतला पेंढा कोरडा आहे ना, हे ज्याचं त्याने बघून घ्यावं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बांधताना दादाने आपल्या गवंडी बहिणीला ही खिडकी ठेवूच दिली नव्हती. दोन वर्षांत भिंत कुजली आणि दादा करून सवरून नामानिराळा. "गठ्ठे माझे खणखणीत होते. बहिणीच्या मातीतच खोट!" वडिलांच्या हाताखाली माती मळायला शिकलेली, तीस वर्षं गिलावा केलेली गवंडीण, तिला कुणी साधा ओटा लिंपायला बोलवेना. दादावर तिने डूख धरला तो तेव्हापासून.

आणि याच दादाने गिऱ्हाइकांना दाखवायला स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा गिलाव्याला तिलाच बोलावलं. तिच्यासारखा हात दुसरा नाही, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं.

उत्तरेच्या भिंतीत तिने गठ्ठ्यांमध्ये कोपरापर्यंत हात घातला. ओल लागली. याही वेळी याने भिजलेले गठ्ठे घाईघाईने रचले होते. सांगायला हवं होतं? हवं होतं. पण तिला इतका आनंद झाला, की तिने ओठ दाताखाली धरला.

"खिडकी दाराजवळ ठेव हं," दादा म्हणाला.

"ठेवते की."

ठेवली. दुसरी उत्तरेला ठेवली. तिच्या काचेवर फडकं ताणलं, वरून मातीचा पातळ हात दिला आणि तीन महिने वाट पाहिली.

घर बघायला गिऱ्हाइकं जमली. दादाने आग्रह करकरून डॉक्टरीणबाईंनाही आणलं होतं. त्यांचं नवं कामही त्याला हवं होतं. दाराजवळचा सोनेरी पेंढा त्याने मिरवून मिरवून दाखवला.

"इकडेही एक आहे," गवंडीण म्हणाली. तिने थापीच्या टोकाने फडकं उचकटलं. काचेआड काळा चिखल होता, त्यावर पांढरी बुरशी.

डॉक्टरीणबाई काचेपाशी वाकल्या. "माझ्या भिंतीतही हेच होतं?"

"माती माझी होती, बाई. पेंढा याचा."

गिऱ्हाइकं एकेक करून चपला शोधू लागली. दादा तिच्या कानाशी आला. "अगं, सख्खी बहीण ना तू? घरातली गोष्ट घरात ठेवायचीस!"

"घरातच ठेवलीय, दादा," थापी पुसत ती म्हणाली. "आता राहा तिच्यासोबत."