कोरडं नाक

"शिंकलीस का एकदा तरी?" रतनबाईंनी विचारलं.

पायल गुलाबाच्या दोन वाफ्यांमध्ये मटकन खाली बसली होती. "न्हाई मावशी. सकाळी बरी होते. जेवल्यावर एकदम थंडी वाजाय लागली. हाडं न् हाडं दुखत्यात."

"मला चार दिस सर्दी हाय. नाक गळतंय, शिंका येत्यात. तरी हाय न्हवं उभी?"

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. तळेगावजवळच्या त्या पॉलीहाउसमध्ये चौदा तारखेच्या गुलाबांची तोड जोरात चालली होती. रतनबाई तिथल्या मुकादम. अठरा वर्षांत त्यांनी आजारपणाची इतकी सोंगं पाहिली होती, की आता त्यांचा विश्वास उरला होता तो फक्त वाहत्या नाकावर. त्यातून पलीकडचा मालक जास्त मजुरी देऊन बायका फोडतोय, असंही कानावर आलेलं. आणि पायलचं नाक तर कोरडं ठाक.

"अर्ध्यातनं गेलीस, तर उद्या येऊ नको," त्या म्हणाल्या.

पायल संध्याकाळपर्यंत फुलं तोडत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र आली नाही. फोनही उचलेना. रतनबाईंचा संशय पक्का झाला. दुपारच्या सुट्टीत रिक्षा करून त्या थेट घोरावाडीला तिच्या घरी गेल्या.

दार पायलच्या सासूनं, शकुबाईनं उघडलं. "कामाला बोलवाय आलाय व्हय?"

आत दोन गोधड्यांखाली पायल कण्हत होती. मधूनच कोरडी ढास लागत होती.

"फ्लू हाय म्हनं," शकुबाई म्हणाली. "डॉक्टर म्हनले, सर्दी असती तर हळूहळू चढली असती, नाक गळलं असतं. ह्यो ताप घडीभरात मानूस पाडतो. काल दुपारीच निजाया पायजे हुतं, असं म्हनले." तिनं दाराजवळ पाट सरकवला. "तुमी लांब बसा. लागंल तुमाला."

"म्या आपली भेटाय आलते," रतनबाई पुटपुटल्या.

पायलनं डोळे उघडले. त्यांच्याकडे तिनं पाहिलं. मग गोधडीतून हात काढून तिनं मनगट पुढे केलं.

"बघा हात लावून."

"न्हाई गं, तसं न्हाई..."

हात तसाच राहिला. शेवटी रतनबाईंनी तो धरला. तव्यासारखा भाजत होता. बोटांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते.

"पटलं?" पायलनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हात सोडवून घेत ती भिंतीकडे तोंड करून झोपली.