हातातलं

माझा मुलगा मोबाइलविषयी बोलतो आणि लोक ते आपापल्या मोबाइलवर बघतात. नवा फोन आला की डब्यातून काढायचा, उलटासुलटा करायचा आणि कॅमेऱ्यासमोर त्याचं कौतुक करायचं, नाहीतर त्याची सालटी काढायची, हा त्याचा धंदा. पुढच्या खोलीत पूर्वी ह्यांचं शिलाई मशीन होतं. आता तिथे मोठाले दिवे आहेत आणि मुलाचं रेकॉर्डिंग चालू असलं की मी नळसुद्धा हळू सोडते.

ह्या लोकांच्या जगात एक बडी असामी आहे. फोनच्या कंपनीचे मालक. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, “कुठल्या शाळेवर आहेत?”

मुलाचा जोडीदार कॅमेरा सांभाळतो. उंचीमुळे त्याला लंबू म्हणतात. तो म्हणाला, “काकू, आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय.”

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

गेल्या वर्षी नव्या फोनच्या समारंभात सर मंचावर आले, फोन हातात धरला आणि गप्प झाले. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “हे... हातातलं.” टाळ्या थांबेनात. माझ्या मुलाने त्यावर व्हिडिओ केला. सरांनी म्हणे फोनचं नावच पुसून टाकलं, हात आणि वस्तू ह्यांच्यामध्ये आता शब्दाचीही अडचण ठेवली नाही. तो व्हिडिओ त्याच्या सगळ्या व्हिडिओंत जास्त पाहिला गेला. कुणीतरी छातीवर ‘हातातलं’ लिहिलेले टीशर्ट छापले. लंबूने दोन घेतले. एक धुवायला पडला तर उघड्यावर येऊ नये म्हणून.

त्यांच्या कामाचा एक नियम आहे. माणूस बोलताना अडला, श्वास घेतला, ‘म्हणजे’ म्हणून घुटमळला, की तेवढा तुकडा कापायचा. लोक थांबत नाहीत, लगेच दुसरीकडे जातात. सगळ्यांचे थांबे कापायचे, सरांचे मात्र ठेवायचे. सरांच्या थांब्यात अर्थ असतो.

त्या व्हिडिओमुळेच सरांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. इतकी मोठी चॅनेलं ताटकळत बसलेली असताना मुलाखत ह्या दोघांना मिळाली. ती चॅनेलवर लागली असती तर दोघांची गणना बड्यांत झाली असती. सकाळी निघताना मुलाने माझ्याकडून शर्टाला इस्त्री करून घेतली. एरवी तो चुरगळलेलाच घालतो.

दुपारी दोघं परतले आणि खोलीत शिरले. जेवण निवलं म्हणून मी बोलवायला गेले. लंबू खुशीत होता. मुलगा बूट न काढता पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर सर होते. चेहरा मायाळू. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलेलं. शिंप्याच्या घरात आयुष्य काढलं की नजर आधी तिथे जाते.

“बटण चुकलंय त्यांचं,” मी म्हटलं.

“चुकलेलं नाही, काकू. आता बघा, महिन्याभरात सगळे तसंच लावतील.”

पडद्यावर सर विचारत होते, “तुमचे वडील काय करतात?”

“शिंपी होते, सर. आता नाहीत,” मुलगा म्हणाला.

“अरेरे,” सर म्हणाले. डोळे खरोखर भरून आले त्यांचे. मग फोनच्या काचेविषयी काही बोलले, मध्येच थांबले आणि पुन्हा विचारलं, “तुमचे वडील काय करतात?”

मुलाने तेच उत्तर दिलं, तितक्याच हळू आवाजात. सरांना पुन्हा तितकंच दुःख झालं. थोड्या वेळाने तोच प्रश्न परत आला. ह्या वेळी माझा मुलगा म्हणाला, “शिवणकाम करतात.”

“वा,” सर खुलले. “हात चांगला आहे त्यांचा?”

“खूप चांगला आहे.”

“व्हिडिओचं नावही ठरलंय,” लंबू मला सांगायला लागला. “सरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारला? बघा ना, दर वेळी उत्तर आणखी खोल जातंय.”

शेवटच्या वर्षात ह्यांना आपली आई गेल्याचं रोज नव्याने कळायचं.

मुलाने पडद्यावरचं चित्र थांबवलं. “आई, बाबा कात्रीला काय म्हणायचे गं?”

“कापायचं. ‘ते कापायचं दे’ म्हणायचे.”

त्याचे टीशर्ट कुणी छापले नव्हते.

लंबूने आमच्या दोघांकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवरची अक्षरं हाताने झाकल्यासारखी केली. “नाही रे,” तो म्हणाला. “सर आहेत ते.”

“मग? सरांना विसरायचा आजार होत नाही?”

“बरं, मग थांबे कापू. एकदाच विचारलं असं दिसेल. कुणाला कळायचं नाही.”

“आपल्याला कळलंय ना.”

“मग तसंच लाव. जे आहे ते. आजवर कुणाकडे नसेल अशी बातमी होईल.”

“आणि तू बघशील ती?”

लंबूने नकारार्थी मान हलवली. मुलगा बुटाची नाडी सोडत म्हणाला, “बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं की मी खेकसायचो. आज एकदाही आवाज चढला नाही माझा. सर होते म्हणून.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लंबूने तोंड वळवून कॅमेऱ्याची पिशवी उगीचच आवरायला घेतली.

मग मुलाने सरांच्या ऑफिसातल्या बाईंना स्पीकरवर फोन लावला. मुलाखती त्याच ठरवायच्या. “छान झालं म्हणे,” बाई म्हणाल्या. “थांबे कापू नका हं. लोकांना आवडतात.”

“मॅडम, सरांच्या घरी कोण असतं?”

“बहीण असते. पण तुम्ही त्यात पडू नका. पुढचा फोन सगळ्यांच्या आधी हवाय ना तुम्हाला?”

“नको.”

“माझी नोकरी आहे हो ही,” बाई हळूच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मुलाचा चहा संपायच्या आत सरांच्या बहिणीचा नंबर आला. खाली ना नाव, ना निरोप.

मुलाने ती मुलाखत फक्त बहिणीला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्याच्याशी बोलून झाल्यावर त्यांनी मला मागितलं.

“घरात तो तेच तेच विचारतो,” त्या म्हणाल्या. “मी म्हणते, सांगितलं ना आत्ता. आणि बाहेर त्यालाच टाळ्या. मला वाटायला लागलं, एवढे शिकलेले लोक म्हणतायत, तर मलाच माझा भाऊ कळत नसेल.”

“डॉक्टरांना दाखवा, ताई. लवकर. आणि सकाळी निघताना बटणं तुम्ही लावून देत जा. बोलता बोलता लावायची, त्यांना कळू द्यायचं नाही.”

“तुम्ही तसं करायचात?”

“उशिरा सुचलं मला.”

मुलाने चॅनेलवर एवढंच सांगितलं की मुलाखत दाखवणार नाही आणि कारणही सांगणार नाही. लोक तुटून पडले. विकला गेला, जळतो, लायकी नव्हती. सरांच्या ऑफिसातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. बड्यांत गणना व्हायची ती राहिलीच. लंबू काही दिवस फिरकला नाही. मग एका सकाळी साधा निळा शर्ट घालून आला आणि दिवे पुसायला लागला.

पुढच्या समारंभाला सर आले नाहीत. कंपनीने विश्रांतीचं कारण दिलं. चाहत्यांनी लिहिलं, सर एकांतात काहीतरी घडवतायत, थोडा धीर धरा. ते वाट बघतायत अजून. बहिणीचा मधूनमधून फोन येतो. बटणं नीट लागतात म्हणाल्या, आणि ती लावताना दोघं गप्पा मारतात.

मुलाच्या व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते मी सवडीने वाचते. अक्षरं मला उशिरा आली, म्हणून बोट लावून वाचते, मोठ्याने. परवा एकाने लिहिलं होतं, “ज्याला सर कधी कळलेच नाहीत, त्याने त्यांच्यावर बोलू नये.”

मुलगा नव्या फोनचा डबा उघडत होता. “बरोबर लिहिलंय,” तो म्हणाला. “फक्त चुकीच्या व्हिडिओखाली लिहिलंय.”

त्याने डबा बाजूला ठेवला आणि ‘हातातलं’चा तो सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ शोधला. लंबू मागे येऊन उभा राहिला.

“नक्की?” लंबूने विचारलं.

“तूच काढून टाक,” मुलगा म्हणाला आणि खुर्ची त्याला दिली.